वरच्या आळीची राखण

घोटावडे, वरची आळी
१० फेब्रुवारी २०२५

निषाद बाळा,

आशीर्वाद मागनं. आधी भांडण.

सकाळी फोन उघडला तर तुझी चिठ्ठी. "राखण ही सेवा ३१ मार्चला कायमची बंद होत आहे. आजवरच्या विश्वासाबद्दल आभार." आभार? माझ्या मागच्या खोलीत तीन वर्षं राहिलास, माझ्या हातचं पिठलं वरपून खाल्लंस, तापात निजलास तवा उशाला बसले, आन मला आभार? जगाला धाडली तीच चिठ्ठी मला?

फोन केला न्हाई, कारण मी फोनवर बोलाया लागले की आमची सायली भांडी घासायची थांबती. सून गुणाची हाय, पर कान लई लांब. ग्रुपवर लिवलं तर आळी वाचती. म्हणून कागद. पोस्टमन नथूकडनं पाकीट मागितलं तर म्हणतो, "आक्का, कोर्टाचं काय हाय का?" म्हणलं, व्हय, एका पोरावर खटला भरायचाय.

राखण कशी झाली ती इसरलास व्हय रं? आळीच्या ग्रुपवर भैरूनं नळाच्या पाण्यावरनं एकाची आई काढली, त्यानं भैरूचा बाप काढला, आन दोघं काठ्या घिऊन तुझ्याच खोलीम्होरं आले. दुसऱ्या दिवशी तू म्हणलास, "आक्का, मी ग्रुपवर एक राखण बसवतो. कुणी शिवी लिहिली की ती ग्रुपवर जायच्या आधीच अडेल आणि गुपचूप राखणदाराकडे येईल. राखणदारानं वाचायचं आणि 'सोड' दाबायचं, नाहीतर 'गाळ' दाबायचं. राखणदार कोण ते कुणाला कळणार नाही." आन राखणदार केलंस मला. शिव्या बी मीच सांगितल्या तुला, चहा पीत बसून. तुला टवळी ठाव नव्हतं, कैदाशीण ठाव नव्हतं. कसला शिकलेला तू!

आता आळी शांत हाय ती तुझ्या राखणीपायी. बंद केलीस तर पेटंल. तवा ते बंद करायचं बंद कर.

जुईलीला आन पोरीला माझा मुका. तुला न्हाई.

रंभा आक्का


वाशीम
१८ फेब्रुवारी २०२५

प्रिय आक्का,

तुमचं पत्र आलं तेव्हा आई ते हातात धरून उभीच राहिली. आमच्याकडे आता पत्र म्हणजे कुणीतरी गेल्याचीच बातमी. मी फोडून पहिली ओळ वाचली आणि हसायला लागलो, तेव्हा कुठे तिच्या जिवात जीव आला.

खटला मान्य. तुम्हाला वेगळं कळवायला हवं होतं. खरं सांगू? तुम्हाला सांगायला भ्यालो, म्हणून जगाच्या चिठ्ठीत तुम्हाला लपवलं.

राखण आता वरच्या आळीपुरती राहिली नाही. कुठल्या कुठल्या गावांनी, सोसायट्यांनी, शाळांच्या पालकांनी ती लावून घेतली. मला आधी फार अभिमान वाटला. पण करणारा मी एकटा, तोही नोकरी सांभाळून. आणि गंमत अशी, की ज्याची शिवी अडते तो ती शिवी मला पाठवतो. गावात निवडणूक लागली की मला शिव्या, सोसायटीत पार्किंगवरून वाजलं की मला शिव्या. राखण ज्या ॲपवर चालते त्यांनी आता नियम बदललेत, म्हणजे सगळं पहिल्यापासून परत लिहायचं.

मागच्या महिन्यात चिमी पहिल्यांदा पालथी पडली. मी त्याच खोलीत होतो, पाठमोरा, लॅपटॉपसमोर, कुण्या अनोळखी माणसांचं भांडण निस्तरत. जुईली ओरडली, "अरे बघ, बघ!" मी म्हणालो, "एक मिनिट." वळलो तोवर ती पालथी पडून, नाक गादीत खुपसून रडत होती. जुईलीनं तिला उचलून घेतलं. त्या दिवशी ठरवलं.

तुमची काळजी मात्र सोडा. मेसेजमध्ये काय लिहिलंय ते मी कुणाचंच वाचत नाही, तसा नियमच आहे माझा. पण किती अडतात ते मला दिसतं. तुमच्या आळीत आता भैरूसुद्धा शहाणा झालाय. रोज सकाळी एखादाच मेसेज अडतो, तोही कायम एकाच नंबरवरून. त्या एका माणसाला ग्रुपमधून काढून टाका, म्हणजे राखणीची गरजच उरत नाही. सायलीवहिनी चुटकीसरशी करून देतील.

तुमचाच,
निषाद


घोटावडे
२४ फेब्रुवारी २०२५

निषाद,

काढून टाका म्हणतोस? पत्र वाचलं आन माझ्या हातातली वाटी पडली. खबरदार त्या नंबराला हात लावशील तर. सायलीला तर ह्यातलं अक्षर कळता कामा नये.

तो नंबर गोजराचा हाय. माझ्या धाकट्या जावंचा.

तू तीन वर्षं आमच्या दोघींच्या मधी राहिलास, तुला एवढंच ठाव की ह्या बोलत न्हाईत. का ते तू इचारलं न्हाईस, मी सांगितलं न्हाई. आता ऐक. एकाच मांडवात आमची लगनं झाली, दोन भावांशी. तिची बाळंतपणं मी केली, माझी तिनं. मालक दोघींचे गेले, पोरांच्या वाटण्या झाल्या, तरी आमचं आंगण एक होतं. मग हिंजवडीची पोरं खोल्या इचारत हिकडं याया लागली, आन मी आंगणात खोल्या काढल्या. गोजरा म्हणली, "रंभे, मधी बोळ सोड, मला तुझ्याकडं याया-जायाला." मी म्हणलं, बोळ सोडला तर एक खोली जाती. बुजवला बोळ. त्याच बोळावर तुझी खोली हाय, बाळा. तिला आता माझ्याकडं यायचं तर मारुतीच्या देवळाला वळसा घालून सडकेनं यावं लागतं. गुडघे तिचे कवाच गेलेत.

भिंत पुरी झाली त्या दिवशी सगळ्या आळीम्होरं म्हणली, "रंभे, आजपासनं तुझ्याशी धड शब्द बोलले तर म्हसोबाची आण." आन घरात गेली. तवापासनं बोलली न्हाई.

मग तुझी राखण आली. एक दिस सकाळी दूध वर येत हुतं, फोन वाजला. बघते तर अडलेला मेसेज, गोजराचा. तिला टाईप करता येत न्हाई, ती फोनला बोलून लिवती. "ही सटवी आज भिंतीपल्याड ऐकू आली न्हाई, मेली का काय, कुणीतरी बघा गं." सगळ्या आळीला सांगाया गेली आन शिवीपायी अडला, माझ्याकडंच आला. मी 'गाळ' दाबलं. तर तुझी ती चौकट आली, "कारण लिहा, ते पाठवणाऱ्याला कळवले जाईल." मी काय लिवणार? मशीन बोलंल तसं शुद्ध लिवलं. "कारण: भाषा बरी नाही. सदर बाई जिवंत आहे."

दुसऱ्या दिवशी परत. "ह्या टवळीची पपई पाखरं खायाला लागली, डोळे फुटले का हिचे." मी लिवलं, "कारण: भाषा. पपई उतरवण्यात आली."

असं रोज चाललंय रं. तिला थंडीताप आला तवा लिवलं, "अंगात कणकण हाय, त्या कैदाशिणीची नजर लागली." मी लिवलं, "कारण: भाषा. सुंठीचा काढा घेणे. गार पाण्यात हात घालू नये." मग आमी दोघी त्या दिवशी काढाच प्यालो, ती तिकडं, मी हिकडं. तिनं घेतला का न्हाई हे मला कसं कळलं? दुसऱ्या दिवशी लिवलं, "काढा कडू लागला, त्या हडळीच्या तोंडासारखा."

तिला वाटतं ते मशीनच लिवतं. राखणदार मी हाय हे तिला ठाव न्हाई. कळलं तर एक मेसेज यायचा न्हाई, लई मानी बाई हाय. आन राखण गेली तर तिची शिवी सरळ आळीत पडंल, पोरं हसतील, माझा पोरगा माऊली भांडायाला उठंल, आन ती कायमची गप बसंल. मग ती उठली का, जेवली का, हाय का न्हाई, मला कळायचं कसं? मधी भिंत.

मागल्या पत्रात आळी पेटंल लिवलं ते खोटं. आळीचं मला काय बी पडलेलं न्हाई. मला तिची शिवी पायजे. सकाळी ती आली न्हाई तर माझा घास उतरत न्हाई.

आता तुला ठाव झालं. कर काय करायचं ते.

आक्का


वाशीम
३ मार्च २०२५

प्रिय आक्का,

तुमचं पत्र जुईलीला वाचून दाखवलं. "सदर बाई जिवंत आहे"पर्यंत ती हसत होती. "मधी भिंत"पाशी तिनं पत्र माझ्या हातातून घेतलं आणि पुढचं आत जाऊन एकटीनं वाचलं.

आता माझं ऐका. बाकी सगळीकडची राखण मी बंद करतो, पण तुमच्या आळीची ठेवतो. एका आळीसाठी काही तरी जुगाड करता येईल. तुम्ही निश्चिंत जेवा.

एक विचारू? आमच्याकडे लहानपणी कुणी शपथ घेतली आणि नंतर नकोशी झाली, की ती ज्याच्यावरून घेतली त्याला म्हणायचं, "सुटली म्हण." तो "सुटली" म्हणाला की शपथ सुटली, देव रागवत नाही. तुमच्या म्हसोबाला हे चालत नाही का?

आणखी एक गोष्ट लिहायची होती, पण ती आज नको. आधी एका ठिकाणी विचारावं लागेल.

निषाद


वाशीम
३ मार्च २०२५

गोजराकाकी,

सा. नमस्कार. मी निषाद, मागच्या खोलीतला. तुमच्या अंगणाकडच्या खिडकीतून तुम्ही मला लसणाची चटणी द्यायचात आणि आक्काला सांगू नको म्हणायचात, तोच.

राखण मी महिनाअखेर बंद करतोय. तुम्हाला आठवत असेल, ती सुरू झाली त्याच आठवड्यात तुम्ही मला खिडकीतून विचारलं होतं, "ह्या राखणीत कोण बसलंय रं?" कुणाला सांगायचं नाही असा नियम मीच केला होता, आणि मीच पहिल्या फटक्यात बोलून गेलो की आक्का. मग तुम्ही विचारलंत, "शिवी घातली की तिलाच जातं? दुसऱ्या कुणाला न्हाई?" मी हो म्हणालो. तुम्ही मला शब्द द्यायला लावलात की हे तुमच्यामाझ्यातच राहील. तो शब्द मी आजवर पाळलाय. तुम्ही काय लिहिता ते मला तेव्हा माहीत नव्हतं. आता आक्कानं सांगितलंय, म्हसोबाच्या शपथेचंही. आक्काला 'सुटली म्हण' म्हणालात तर ती सुटेल ना?

आक्काला वाटतं तुम्हाला माहीत नाही. मला या शब्दातून मोकळं करा काकी. एवढंच मागतो.

निषाद


घोटावडे
१० मार्च

मुडद्या निषाद,

पत्र मिळालं. नथूनं आळीत वरडून दिलं, आता चार जणी इचारून गेल्या कुणाचं पत्र. म्हणलं माझ्या याराचं. माझं आक्षर कोंबडीनं उकरल्यावानी हाय, चौथीपातुर शाळा, तवा वाचशील तसं वाच.

व्हय. मला पैल्या दिसापास्नं ठाव हाय. तू सांगितलं नसतंस तरी कळलं आसतं. मशीन कधी सुंठीचा काढा सांगतं व्हय रं? ते बी "घेणे"? रंभी बचतगटाची सचिव हुती तवापास्नं तिला "घेणे" न "करणे" लिवायची खोड हाय.

आण मी घेतलीया. धड शब्द बोलणार न्हाई म्हणले म्हसोबाला. म्हणून दर टायमाला आधी शिवी घालते. शिवी म्हंजी काय धड शब्द न्हवं. आण बी ऱ्हाती न काम बी हुतं. राखण न्हवती तवा हे कुटं बोलनार हुते मी? सडकेवर हुभी ऱ्हाऊन? माणसं काय म्हणली आसती?

तिला कळू दिऊ नगंस. तिला कळलं की मला ठाव हाय, तर ती लिवायची थांबंल. लई लाजंल. वरनं वाघीण हाय न आतनं लई लाजरी, तुला ठाव न्हाई, लगनात माझ्या पदरामागं लपली हुती ती, थोरली आसून.

"सुटली म्हण" आसं मी मागनार न्हाई. का मागू? बोळ तिनं बुजवला. आधी तिनं कायतरी उघडाया पायजे.

सांगू नगंस. पर तिनं सरळ इचारलं तर खोटं बी बोलू नगंस. माझ्यापायी लेकुरवाळ्या माणसाच्या जिभंला पाप नगं.

पोरगी कुणावर गेलीया? तुझ्यावर नसंल तर बरं.

गोजरा


घोटावडे
१२ मार्च २०२५

निषाद,

तू आमच्या आळीपुरती राखण ठेवतो म्हणलास, माझ्या डोळ्यात पाणी आलं. पर आता दुसराच घोर लागलाय.

म्हसोबाला सगळं चालतं. सुटली म्हणायला मी कवाची तयार हाय. पर मागायचं तिनं असतं. कुणी मागितल्याबिगर सुटली म्हणलं तर ते वाऱ्यावर जातं, आमच्यात तरी तसंच हाय. आन ती मागायची न्हाई.

घोर हा की, नथू काल बोलता बोलता म्हणला, "आक्का, वाशीमचं पोरगं तुमच्या जावंला बी पत्र धाडतंय की. आक्षर तेच." मी हसून साजरं केलं, पर रात अशीच गेली. तू गोजराला का लिवलंस? "एका ठिकाणी विचारावं लागेल" ते ठिकाण हेच व्हय? तू तिच्याशी खिडकीतनं बोलायचास ते मला ठाव हाय. चटणीचा वास माझ्या चुलीपातुर यायचा, मी काय नाक कापून ठेवलंय?

सरळ इचारते, सरळ सांग. राखणीत मी बसलेय हे तिला ठाव हाय का?

आक्का


वाशीम
१८ मार्च २०२५

आक्का,

हो. माहीत आहे. राखण सुरू झाली त्याच आठवड्यापासून.

त्यांनी विचारलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं. मग त्यांना दिलेल्या शब्दामुळे तुम्हाला सांगू शकलो नाही. आता त्यांनीच लिहिलंय की आक्कानं सरळ विचारलं तर खोटं बोलू नकोस.

एवढंच नाही. शिवी घातली की मेसेज फक्त तुमच्याकडे येतो, हेही त्यांना पहिल्यापासून माहीत आहे. आळीला सांगायला गेल्या आणि अडलं, असं एकदाही झालेलं नाही. रोज सकाळी त्या तुम्हालाच लिहीत होत्या. शिवी घालत होत्या ती म्हसोबाची आण मोडू नये म्हणून. आणि तुम्हाला कळलं तर तुम्ही लाजाल आणि लिहायचं थांबवाल, अशी त्यांना भीती आहे. तुम्हाला नेमकी हीच भीती त्यांच्याबद्दल वाटते. मी दोघींचीही पत्रं समोर ठेवून बसलोय आणि कुणावर रागवावं ते कळत नाहीये.

त्या म्हणतात, आधी आक्कानं काहीतरी उघडायला पाहिजे. हे मी तुम्हाला सांगायला नको होतं बहुतेक. पण सांगितलं.

आळीची राखण चालू ठेवायचा माझा शब्द कायम आहे.

निषाद


घोटावडे
२४ मार्च २०२५

बाळा,

तुझं पत्र आल्यापास्नं दोन दिस मी गोजराला कारण लिवलं न्हाई. 'गाळ' दाबलं आन फोन पालथा ठेवला. लाज वाटली रं. किती काय काय लिवलं मी मशीन होऊन! एकदा लिवलं हुतं, "कारण: भाषा. पाठवणारीने एकटे जेवू नये, सुनेला हाक मारणे." तिला सगळं ठाव होतं. वाचून हसली असंल का रडली असंल, दैव जाणे.

तिसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला. "ही भवानी आता कारण बी लिवंना, हात मोडले का हिचे? डाक्टरला दाव म्हणावं." मी चुलीपाशी बसून एवढी हसले की सायली धावत आली. मग हसता हसता पदर तोंडाला लावला. सायली म्हणली, "आत्याबाई, काय झालं?" म्हणलं, धूर गेला डोळ्यात. घरात गॅस हाय. ती पाठीवर हात फिरवून गेली. तिचे कान लांब हायेत तसं मन बी हाय.

आता ऐक. राखण बंद कर. आमच्या आळीपुरती बी ठेवू नगंस. तू ठेवशील, आन आमी दोघी म्हाताऱ्या तशाच भिंतीआडनं एकमेकीला शिव्या घालत मरून जाऊ. एक म्हणंल ती लाजंल, दुसरी म्हणंल ती लाजंल. तुझी पोरगी परत पालथी पडंल तवा तू तिच्याकडं तोंड करून बसलेला पायजेस.

आन तुझी खोली मी उघडली. तू गेल्यावर त्या खिडकीम्होरं कपाट लावलं हुतं, ते माऊलीला सरकवायला लावलं. म्हणला, कशाला? म्हणलं, हवा येऊ दे. झडप फुगून बसलीया, सुताराला सांगितलंय.

आक्का


घोटावडे
२ एप्रिल २०२५

निषाद बाळा,

आशीर्वाद आधी. आज भांडण न्हाई.

पाडव्याला सकाळी गोजराचा मेसेज आला, "ह्या टवळीची गुढी कलली हाय, वरनं दिसती तशी आतनं बी वाकडीच." बाहेर येऊन बघते तर खरंच कललेली. सरळ केली. "कारण: भाषा. गुढी सरळ करण्यात आली."

मग सोमवार. तुझा शेवटचा दिस. दूध वर आलं तसा फोन वाजला. "राखणीचा आज शेवट म्हणं. बरं झालं, ह्या सटवीची कटकट गेली." 'गाळ' दाबलं. लिवलं, "कारण: भाषा. राखण आज बंद होत आहे. मागच्या खोलीची खिडकी उघडी आहे." आन धाडून दिलं.

खिडकी खरंच उघडी हुती. सुतार आदल्या दिशी जाळीसकट झडप काढून गेलेला. मी तुझ्या खोलीत जाऊन बसले, खिडकीपास्नं लांब, दाराशी. तिनं बघितलं आन मी दिसले तर ती मागं फिरंल असं वाटलं. बसले. चहा केला, निवला. परत केला, निवला. जेवायला सायलीनं ताट आणून दिलं, तसंच ऱ्हायलं. तिच्या आंगणात चिटपाखरू न्हाई. ऊन उतरलं. म्हणलं, झालं. मी उघडलं, तिला नगं. तुला बंद कर म्हणले तीच चूक केली. तुझा लई राग आला मला, बाळा, खोटं कशाला बोलू. माझा त्याहून जास्त.

दिवेलागणीला फोन वाजला. राखणीचा आवाज वेगळा असतो, हा तो न्हवता, साधा ग्रुपचा हुता. मला वाटलं भैरूनं काय तरी धाडलं. चष्मा लावला.

गोजरा. ग्रुपवर. सगळ्या आळीम्होरं.

"रंभे, सुटली म्हण."

शिवी न्हवती त्यात. तुझ्या राखणीनं अडवलं न्हाई, जाऊ दिलं. आळीचं हे टोक, ते टोक, माऊली, भैरू, नथूसुद्धा, समद्यांच्या फोनवर एकाच टायमाला. सायली फोन हातात धरून दारात आली. मी लिवायला गेले तर आक्षरं दिसंनात. फोन फेकला खाटंवर आन खिडकीत गेले. बाहेर तोंड काढून ह्या एवढ्या जोरात म्हणलं, "सुटली गं! सुटली!"

ती खालीच हुती. खिडकीच्या खाली, भिंतीला टेकून, फोन छातीशी धरून. कवाची हुभी हुती तिला ठाव. मी दाराशी बसलेली, ती भिंतीला, मधी फक्त ईटा. सुटली म्हणल्यावर पैला धड शब्द काय बोलली ठाव हाय?

"पाय मोडले माझे हुभी ऱ्हाऊन, टवळे. चहा हाय का न्हाई?"

चहा खिडकीतनंच दिला. बशीत वतून, फुकून. तिनं एक घोट घेतला आन म्हणली, साखर कमी हाय. मी तिचा हात धरला खिडकीतनं, तिनं धरू दिला. लई बारीक झालाय रं हात तिचा. मेसेजात हे कळत न्हवतं.

आता कामाचं. परवा गवंडी येतोय. त्या खिडकीचं दार करायचं, उंबरा ठेवायचा न्हाई, तिचे गुडघे वर उचलत न्हाईत. हिकडचं दार हायच. माऊली म्हणला, "आई, मग खोली भाड्यानं कशी जाणार? दोन्हीकडनं माणसं येणार-जाणार." म्हणलं, जायची न्हाई. बोळ हाय तो, बोळ कुणी भाड्यानं देतं का.

तू येशील तवा तितंच उतरायचं. पोरीला घिऊन यायचं. तुझा लॅपटॉप आणलास तर हिरीत टाकीन.

ग्रुप चालू हाय. काल भैरूनं परत नळावरनं एकाची आई काढली. मी सगळ्यांम्होरं माझं नाव लावून लिवलं, "भैरू, भाषा." गप बसला. मशीनपरीस मलाच जास्त भितो.

खाली गोजराला दोन वळी लिवायच्या हायेत. घे म्हणलं.

तुझी आक्का

मुडद्या, हिनं सगळं लिवलंया, माझ्यासाठी काय ठिवलंच न्हाई. मी रडले न्हाई, हीच रडली, ध्यानात ठिव. पोरीला दिवाळीच्या आत आणलं न्हाईस तर वाशीमला यिऊन कान उपटीन. चटणी कुटून ठिवलीया, आता खिडकीतनं चोरून न्हाई, ताटात वाढीन. सटव्या, लई भलं केलंस. हितली शिवी गाळाया आता कुणी न्हाई.

गोजरा